बेचाळीस नंबरचं पाकीट

पाकीट उजेडासमोर धरायचं नाही, हा नियम सिस्टरनेच कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. आणि त्या सोमवारी सकाळी, खोलीला आतून कडी घालून, खिडकीशी उभं राहून तिनेच पाकीट उजेडासमोर धरलं. आता काय म्हणावं!

भानगड अशी होती. आतड्याचा आजारी तुकडा कापून काढला की उरलेली दोन टोकं जोडून शिवतात. मग पोटात एक बारीक नळी ठेवायची, आत काही पाझरलं तर ते बाहेरच्या पिशवीत यावं म्हणून. काही डॉक्टर म्हणतात, नळी हवीच. काही म्हणतात, कशाला उगाच दुखणं, विनानळीचा माणूस लवकर घरी जातो. खरं काय ते एकदाचं कळावं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी अभ्यास काढला होता. दोनशे पेशंट, दोनशे बंद पाकिटं, आत एकेक चिठ्ठी: ‘नळी’ किंवा ‘नळी नाही’. ज्याचं ऑपरेशन आधी, त्याला आधीचा नंबर. कोणी निवडायचं नाही, कोणी डोकावायचं नाही. पाकिटं सांभाळायची, वहीत नावं चढवायची आणि पेशंट घरी जाईपर्यंत रोज नोंदी घ्यायच्या, हे सिस्टरचं काम.

चाळीस पेशंट तिने डोळ्यांनी पाहिले होते. विनानळीचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डात फेऱ्या मारायचे. नळीवाले कूस बदलतानाही कण्हायचे. अभ्यास संपायला अजून दोन वर्षं होती, पण सिस्टरने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता.

आणि एकेचाळिसावा पेशंट होता तिचा सख्खा दादा.

“भावाचं पाकीट तुम्ही हाताळू नका,” असं मोठे डॉक्टर म्हणाले होते खरे. पण दुसरी सिस्टर रजेवर गेली, आणि दादा तर सहीचा कागद वाचायलाही तयार नव्हता. “चिमे, चिठ्ठी तूच काढ. तुझा हातगुण चांगला,” म्हणाला. आईवडील गेल्यावर ह्याच दादाने शाळा सोडली, गॅरेजात गाड्यांखाली आडवा होऊन पैसे मिळवले आणि हिला नर्सिंगला घातलं. त्याच्यासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

एकेचाळीसच्या पाकिटातून एकच शब्द दिसला. बेचाळीसच्या पाकिटातून दोन. त्या दिवशीचं दुसरं ऑपरेशन एका शिंपीकाकांचं होतं. सिस्टरने वहीत आधी शिंपीकाकांचं नाव लिहिलं, त्याखाली दादाचं. दोन ओळींची अदलाबदल, बस्स. कोणाला पत्ता लागला नाही.

तीन दिवस सगळं छान चाललं. दादा उठून बसला, चहासाठी वहिनीशी भांडला. शेजारच्या खाटेवर शिंपीकाका नळीच्या नावाने खडे फोडत होते. “माझ्या दुकानात असलं काम केलं असतं ना, तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता! वर ही शेपटी लावून दिलीय!” सगळा वॉर्ड हसला. सिस्टरही हसली, पण तिने त्या नळीकडे बघायचं टाळलं.

चौथ्या दिवशी सकाळी नोंद घ्यायला गेली, तर काकांच्या पिशवीत मातकट घाण उतरलेली. आतला टाका उसवला होता. तासाभरात काकांना परत आत नेलं, पोट धुतलं, टाके नीट केले. दुसऱ्या दिवशी काका डोळे उघडून म्हणाले, “सिस्टर, ह्या शेपटीने चुगली केली म्हणून वाचलो हो!”

सिस्टरला हसू आलं नाही. तिने मान वळवून दादाकडे पाहिलं. दादाच्या पोटातली चुगली करायला बाहेर काहीच नव्हतं.

“सकाळपासून उचक्या लागल्यात ह्यांना,” वहिनी म्हणाली. “म्हटलं, एवढी आठवण तरी कोण काढतंय!”

दादा हसला आणि हसताहसताच त्याला उचकी आली. सिस्टरने नाडी धरली. एकशे दहा. ताप नव्हता, पोट जरा फुगलेलं.

“गॅस असेल गं,” दादा म्हणाला. वॉर्डातला शिकाऊ डॉक्टरही तेच म्हणाला.

टाका उसवतो तेव्हाही सुरुवात अशीच होते, हे सिस्टरला माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण टाका उसवल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी वही तपासायची, हासुद्धा नियमच. काकांच्या वेळी डॉक्टरांनी घाईत नुसती सही केली होती. लागोपाठ दुसरा पेशंट म्हटल्यावर ते ओळ न् ओळ वाचणार, ऑपरेशनच्या यादीशी ताडून बघणार. सिस्टरने फोन उचलला आणि खाली ठेवला. “उद्या सकाळपर्यंत बघू, वहिनी,” ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं, ती दादासाठी घाबरली होती आणि स्वतःसाठीही.

सकाळी दादाचा चेहरा ओळखू येत नव्हता. पोट फळीसारखं कडक झालं होतं. मोठे डॉक्टर धावत आले, त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला.

“कधीपासून आहे हे?”

“कालपासून उचक्या होत्या,” वहिनी म्हणाली. “ताई म्हणाल्या, सकाळपर्यंत बघू.”

ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टर बेसिनशी हात धूत होते. सिस्टर त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. “डॉक्टर, बेचाळीस नंबर दादाचा नव्हता. मी पाकिटं उजेडात धरून बघितली. नावं मी बदलली.”

डॉक्टरांचे हात थांबले. नळाचं पाणी तसंच वाहत राहिलं. “काल फोन तरी करायचात, सिस्टर,” ते म्हणाले आणि आत गेले.

ती दाराशी परत आली तेव्हा दादाला आत नेत होते. त्याने डोळे किलकिले केले. “चिमे, परत चिठ्ठी काढायची आहे का? तूच काढ. तुझा हातगुण…” पुढचं उचकीत गेलं आणि दार लागलं.

वहिनीने सिस्टरचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. “तुम्ही इथे आहात म्हणून धीर आहे हो, ताई,” ती म्हणाली. सिस्टरला तो हात सोडवून घेता येईना.