दोन किलो गिळणारा काटा

पणजोबांनी लाकडी दांडीचे तराजू केले, आजोबांनी लोखंडी पारड्यांचे, वडिलांनी तबकडीचे वजनकाटे. त्यांच्यामागे कारखाना ताईकडे आला. वय अडुसष्ट, मान ताठ, जीभ त्याहून ताठ. घराण्याचा कायदा मात्र पणजोबांचाच चालू होता: ज्याच्या हातून खोटा काटा जाईल, त्याने तो गिऱ्हाइकासमोर स्वतः फोडायचा, माफी मागायची, आणि त्या हाताने घराचा शिक्का पुन्हा मारायचा नाही.

असा काटा एकदाच गेला होता. तो फोडला ताईच्या धाकट्या भावाने, पंधराव्या वर्षी. म्हणून तो जन्मभर नुसता कारागीर राहिला आणि शिक्का ताईच्या कमरेला आला.

आता त्या धाकट्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद. प्यालेले पाणी यंत्राने काढीपर्यंत अंगातच साचायचे, आणि किती साचले ते वजनावरूनच कळायचे. शुक्रवार ते सोमवार हा खंड सर्वांत लांबचा. म्हणून रविवारी ताई त्याला घरच्या काट्यावर उभा करी, काटा शून्यावर आहे ना ते डोळ्यांत तेल घालून पाही आणि वाढ डायलिसिस केंद्रातल्या परिचारिकेला फोनवर कळवी. वाढ जास्त असली, तर त्याला त्याच दिवशी बोलावून घेत.

या रविवारी ताईने सांगितले, दीड किलो. सोमवारी केंद्रातल्या काट्याने सांगितले, चार. धाकट्याचे पाय खांबासारखे सुजले होते आणि पाच पावलांत त्याला धाप लागत होती.

"आजी, काल नीट बघितलं होतंत ना?" परिचारिकेने त्याला यंत्र जोडता जोडता विचारले.

"मी कुणाची आजी नाही. आणि खोटा आहे तो तुमचा काटा."

"गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय."

"कुणाकडून? ज्याला पारडं आणि ताट यातला फरक कळत नाही, त्याच्याकडून?"

ती तडक कारखान्यात गेली आणि पासष्ट किलोची प्रमाणित वजने हातगाडीवर घालून परतली. सगळ्या रुग्णांदेखत तिने ती केंद्राच्या काट्यावर रचली. काटा पासष्टावर थांबला. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

"आता तुम्हीच उभ्या राहा त्याच्यावर," पलीकडच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "बिचारा भीतीनं तरी खोटं बोलेल."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन तीच वजने तिने घरच्या काट्यावर ठेवली. त्रेसष्ट! झाकण उघडले, तर आतला स्क्रू अर्धा फेरा फिरवलेला. रिकामा असताना शून्याला शून्य, आणि वर माणूस उभा राहिला की दोन किलो गपकन गिळणारा. अशी लबाडी दोनच हातांना साधली असती, आणि त्यांतला एक हात तिचा स्वतःचा होता.

काटा काखेत मारून, पिशवीत हातोडा टाकून ती पुन्हा केंद्रात आली.

"कधी फिरवलास?"

"शनिवारी," धाकटा म्हणाला. "आकडा वाढला की तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, ताई. मला ऐकवत नाही गं."

"मी मोजून देते तेवढंच पाणी पितोस ना? मग ही काय हवा भरली अंगात?"

"बर्फ चघळतो. तहान लागते."

"तहान कशानं लागते?"

धाकटा छताकडे पाहू लागला. उशीखाली पुडी होती. ताईने ओढून काढली. खारे शेंगदाणे.

"पाण्याला कुलूप घातलंत आणि मिठाला दार उघडं ठेवलंत," परिचारिका संतापून म्हणाली. "मीठ पोटात गेलं की तहान लागणारच! वर हे दर खेपेला पायात गोळे येतात म्हणून अर्धा तास आधी यंत्रावरून उठतात. पाणी फुप्फुसात पोचलंय. सगळं आज काढलं तर रक्तदाब कोसळेल, राहिलेलं उद्या. काल खरा आकडा कळता, तर मी कालच बोलावलं असतं."

"वाचेल?"

"आज वाचले. असंच चाललं, तर हृदय किती दिवस ओढणार?"

ताईने काटा जमिनीवर ठेवला.

"आण इकडे," धाकटा कण्हत म्हणाला. "मीच फोडतो. मला सवय आहे."

"तोंड बंद ठेव!" ती परिचारिकेकडे वळली. "सिस्टर, पन्नास वर्षांपूर्वी आमच्याकडून एक खोटा काटा गेला. घाईत, न तपासता, मी पाठवला होता. शिक्का माझ्या हातून जाऊ नये म्हणून हा गाढव वडिलांपुढे उभा राहिला, आणि मी मूग गिळून बसले. आज गिऱ्हाईक तुम्ही. हा काटा माझ्या घरातला, खोटा आकडा माझ्या तोंडचा. मला माफ करा."

तीन घावांत तबकडीचे तुकडे झाले. स्प्रिंग घरंगळत मास्तरांच्या खाटेखाली गेली.

तिने कमरेचा शिक्का सोडला आणि धाकट्याच्या मोकळ्या हातावर आपटला.

"तू माझा फोडलास, मी तुझा फोडला. फिटलं. आता नवा काटा तू कर, शिक्का तू मार, आणि रोज सकाळी माझ्यासमोर त्यावर उभा राहा. आकडा खरा असेल, तर मी ब्र काढणार नाही. पण शेंगदाण्याचं एक टरफल जरी दिसलं, तर हातोडा हाच आहे. तुझं काही देणं लागत नाही मी आता. तेव्हा दयामाया विसर."

धाकट्याने मूठ मिटली. पन्नास वर्षांनी शिक्का त्याच्या हातात होता.