पंचेचाळीसला येणारी थरथर

शून्य

मित्रांनो, मला भेटायचे असेल तर तुम्हाला जमिनीवर पाठ टेकून झोपावे लागेल. जीपच्या खाली, मधोमध, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारी एक लोखंडी नळी दिसेल. तुमच्या हाताहून थोडी लांब, मनगटाहून जाड. तो मी. माझे नाव प्रोपेलर शाफ्ट. आमच्या सौंसर गावचे लोक नुसते शाफ्ट म्हणतात. बहुतेक लोक काहीच म्हणत नाहीत.

इंजिन फिरते. ते फिरणे मी मागे नेऊन देतो. चाके फिरतात. आयुष्यभर एवढेच केले. दमलो आहे.

अशा गोष्टीत इथे बालपण येते. माझे बालपण फार लहान आहे. एकोणीसशे बासष्ट साली एका कारखान्यात दोन तुकडे घडवले गेले आणि एकात एक सरकवले गेले. दोन्हींना दात आहेत, ते एकमेकांत बसतात. खड्ड्यात गाडी उसळली की मी थोडा लांब होतो, थोडा आखूड होतो. म्हणजे दिसायला मी एक आहे, पण आहे दोन. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी स्वतः ती विसरलो होतो.

वीस

आता वीसच्या वेगाला येतो आणि थोडक्यात सांगतो.

आधी आमची जीप लष्करात होती. मग लिलावात निघाली. चौऱ्याहत्तर साली सौंसरच्या यशवंतरावांनी ती घेतली. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. मागे संत्र्यांच्या पेट्या, पुढे मालक, मांडीवर त्यांचा पानाचा डबा, आणि स्टिअरिंगवर चिंधू. पांढुर्ण्याचा बाजार, रामाकोन्याचे सोयरे, नागपूरचा दवाखाना. बारा वर्षे तीच माणसे आणि तेच रस्ते.

चिंधूला दुसरे काही येत नव्हते. शाळा नाही, शेती नाही. गाडीच्या आवाजावरून तो सांगायचा की आज तिला तेल कमी पडले आहे. तो म्हणायचा, "मालकाले लेकरं तीन, मले ही एकच."

दसऱ्याला गाड्या धुतात, झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात. चिंधू त्याहून जास्त करायचा. पाच वर्षांपासून तो दर दसऱ्याला गाडीखाली शिरायचा आणि मला चांदीचा रंग द्यायचा. मित्रांनो, खालच्या वस्तूला कोण रंग देतो? ज्याला कोणी बघत नाही त्याला? मी वर्षभर चिखल खायचो, आणि एक दिवस चकचकीत व्हायचो. मला वाटायचे, कौतुक म्हणजे हेच.

पंचेचाळीस

शहाऐंशी सालचा पौष महिना. माझ्या टोकाशी अधिकच्या चिन्हासारखा एक छोटा तुकडा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. तो झिजला. सौंसरच्या चौकातल्या रामाजी मिस्त्रींनी मला उतरवले, माझे दोन तुकडे वेगळे केले, नवा क्रॉस बसवला, परत जोडून चढवले. तासाभराचे काम. चिंधू तेवढ्यात चहा पिऊन आला.

दुसऱ्या दिवशी बोरगावच्या रस्त्याला लागलो, वेग वाढत गेला. तीस. काही नाही. चाळीस. काही नाही. पंचेचाळीस.

थर
थर. आधी मी. मग पत्रा. मग काच, मग
सीट, मग मालकांची मांडी, मग पानाचा डबा, मग
चुना. सगळा धोतरावर.

"अबे, काय करून राहिला!" मालक ओरडले. "गाडी चालवून राहिला का पीठ चायून राहिला?"

चिंधूने पाय उचलला. चाळीसला सगळे शांत. पुन्हा पंचेचाळीस. पुन्हा थरथर.

पंचेचाळीस

साहजिकच गाडी पहिल्यांदा रामाजींकडे गेली. ते खाली झोपले. मला दोन्ही हातांनी धरून हलवले.

"क्रॉस बराबर हाय, चिंधू. पाह्य, हालते का? नाई हालत. तुह्ये टायर पाह्य."

"टायर तं परवा बी हेच होते, मिस्त्री."

"परवा तू बी जवान होता."

टायर बदलले. पुढचे मागे, मागचे पुढे. थरथर तिथेच. चाकांवरच्या कमानी स्प्रिंगचे नट आवळले. इंजिनाखालचे रबर नवे घातले. मागच्या चाकांचे बेअरिंग उघडून पाहिले. दर वेळी चिंधू बोरगावच्या रस्त्यावर जायचा, वेगाच्या काट्याकडे बघत पंचेचाळीसवर यायचा, आणि शिव्या देत परतायचा. पांढुर्ण्याच्या एका मिस्त्रीने न बघताच सांगितले, "इंजन उतरवा लागते." चिंधूला ते पटले नाही. उतारावर त्याने गाडी पंचेचाळीसवर नेली आणि न्यूट्रल केली. इंजिन मोकळे झाले, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही.

मग कोण? मी म्हणत होतो, टायर. टायर म्हणत असतील, मी. दमलेली माणसे एकमेकांवर दोष ढकलतात, तसे आम्हीही केले.

यशवंतरावांचे डोके मात्र एकदाच फिरले. ते बोनेटवर हात आपटून म्हणाले, "आयतवारी नागपूरचा गिऱ्हाईक येऊन राहिला. तोवर थरथर गेली तं ठीक. नाई तं गाडी त्याले देतो, अन् तू बगीच्यात संत्रे तोड. मले डायवर नाई लागत मंग."

  चिंधू बोलला तो चौकात. चहाच्या टपरीवर दहा माणसे होती, समोर रामाजी एका ट्रकचे चाक काढत होते. चिंधू सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "ज्यानं हात लावला त्याच्याच हातानं गाडी बिघडली. रामाजीच्या हातात आता लोखंड नाई राह्यलं गा, माती राह्यली!"

रामाजींनी मान वर केली नाही. एक नट खाली पडला. तो शोधायला त्यांना फार वेळ लागला.

त्या आठवड्यात दोन गाड्या त्यांच्या दुकानासमोरून सरळ पुढे गेल्या. मी खालून चाके ओळखतो. दोन्ही त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या होत्या.

पंचेचाळीस, माझ्याशिवाय

शनिवार. रविवारला एक रात्र उरली होती.

आमची जीप पुढच्या चाकांनीही चालू शकते. पुढे माझा एक धाकटा भाऊ आहे, दुसरा शाफ्ट. चिंधूच्या डोक्यात सकाळी काय आले कोण जाणे, त्याने मला काढले, मागे पोत्यावर ठेवले, आणि पुढच्या चाकांवर गाडी हाकली.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी गाडीत बसलो होतो. प्रवाशासारखा. तीस झाले. चाळीस झाले. मी वाट बघत होतो. गाडीला मनात म्हणत होतो, थरथर, बाई, माझ्याशिवायही एकदा थरथर.

पंचेचाळीस.

काही नाही. पन्नास. काही नाही. पोत्यावरचा धुळीचा कणही हलत नव्हता.

चिंधूने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, टायरने काही केले नव्हते. कमानीने नाही, इंजिनाने नाही. मी होतो. मी नसलो की सगळे ठीक होते. हे कळल्यावर वस्तू काय करते? काही नाही. पडून राहते.

घरी नेऊन चिंधूने मला अंगणात ठेवले. कुठे तडा आहे का ते बघायला तो रॉकेलने मला पुसू लागला. त्याची बायको मनकर्णा तूर पाखडत होती.

"चुलीले तेल नाई, अन् लोखंडाले आंघोय!" ती म्हणाली.

चांदीचा एक पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. पाच दसरे एकाखाली एक निघत गेले, आणि पाचव्याखाली, माझ्या नळीवर, एक बाण निघाला. बोटाच्या पेराएवढा, कारखान्यात ठोकलेला. चिंधू थांबला. मग त्याने माझा दुसरा तुकडा घासला. तिथेही बाण.

तेव्हा मला माझे बालपण आठवले. दोन बाण समोरासमोर आले पाहिजेत. आले की माझे दोन्ही तुकडे एका रेषेत, नाही आले की मी वेडावाकडा फिरणार. हळू फिरताना ते कळत नाही. पंचेचाळीसला कळते.

बाण समोरासमोर नव्हते. मध्ये एक दात होता.

चिंधू तिथेच बसला.

"काय झालं?" मनकर्णाने विचारले.

"काई नाई."

"काई नाई तं तोंड असं कायले?"

"बाण हाय इथी. म्या रंगात बुजवला. रामाजीले दिसला नाई, त्यानं अंदाजानं बसवलं. एक दात हुकला."

"मंग सरकवा ना एक दात. बसवा गाडीले, अन् द्या मालकाले चालवून. कोन पाह्यते?"

खरे होते. दोन मिनिटांचे काम. ओढायचे, एक दात फिरवायचे, ढकलायचे. गाडी वाचली असती, स्टिअरिंग वाचले असते. कोणी विचारले असते तर चिंधूने शोधून काढले असे झाले असते, आणि मालकाने पाठ थोपटली असती. चिंधूने मला दोन्ही हातांत धरलेही. पण ओढले नाही.

मनकर्णाने सूप खाली ठेवले. 

"अवो," ती हळू म्हणाली, "बोलले तुमी चौकात. आता जा बी चौकातच लागन."

पायी

त्याने मला तसेच, चुकलेल्या दातासह, खांद्यावर घेतले.

मी आयुष्यभर रस्ता पोटाकडून पाहिला होता. त्या दिवशी आभाळ पाहिले. फार काही नव्हते त्यात. एक घार होती. खाली बाजार भरला होता, संत्र्यांचे ढीग होते, आणि चिंधूचा खांदा घामाने ओला होता.

"काय चिंधू," कोणी तरी ओरडले, "मालकानं गाडी ठेवून घेतली अन् दांडा तुले देल्ला का?"

"गाडी मांगून येऊन राहिली," चिंधू म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही.

रामाजी स्टुलावर रिकामे बसले होते. चिंधूने मला त्यांच्या मांडीवर ठेवले.

"मिस्त्री, हात लावून पाहा."

रामाजींनी डोळे बारीक केले, मग बघणे सोडून दिले आणि बोटाने चाचपले. एक बाण. बोट सरकले. दुसरा बाण. बोट पुन्हा पहिल्यावर गेले. पुन्हा दुसऱ्यावर.

"रंग कोनं देल्ला होता?"

"म्या. पाच दसरे." मग चिंधू टपरीकडे वळला आणि ओरडला, "चूक माही होती गा! आयकलं का? मिस्त्रीची नाई, माही!"

"वरडू नको लेका, बहिरा नाई मी," रामाजी म्हणाले. त्यांचे बोट अजून माझ्या दातावर होते.  "अन् अर्धी चूक माही बी हाय. बाण नाई दिसला तं खरडून पाहाले पाहिजे होतं. डोये गेले. बोटं तं होते ना."

त्यांनी मला ओढले. फिरवले. ढकलले. खट्.

पंचेचाळीस

रविवारी सकाळी नागपूरचा गिऱ्हाईक घरी चहा पीत बसला होता. यशवंतराव म्हणाले, "आधी मी पाह्यतो," आणि पुढे बसले. मी पुन्हा माझ्या जागी होतो, पोट रस्त्याकडे करून.

चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न. पानाचा डबा मांडीवर गप्प होता.

बोरगावच्या अलीकडे मालकांनी विचारले, "थरथर कोनं काढली?"

"रामाजी मिस्त्रीनं."

"अन् घातली कोनं होती?"

माझे शंभर-दीडशे फेरे झाले, तेवढा वेळ चिंधू गप्प होता. तेवढ्या वेळात एका माणसाची बारा वर्षे इकडची तिकडे होऊ शकतात. मला सगळे ऐकू येत होते आणि माझ्या हातात काही नव्हते. मी फिरत राहिलो.

"म्या, मालक. रंग देऊन देऊन."

 मालकांनी डबा उघडला, पान लावले, चुना धोतरावर सांडला नाही.

"त्या नागपूरवाल्याले जेऊ घालून वाटेले लावा लागन," ते शेवटी म्हणाले. "परवा लवकर ये. तिगावले टेसनावर जा लागते, पाहुने येऊन राहिले."

थोडे पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "अन् तो रंगाचा डबा मले आनून दे."

चिंधू हसला की रडला ते मला दिसले नाही. गाडीखाली असताना मला तो कधीच दिसत नाही. फक्त एक कळले, गाडी बराच वेळ पन्नासवर एकसारखी चालली होती.

मित्रांनो, थरथर गेली, पण म्हणून मी नवा झालो नाही. दात झिजत आहेत. ग्रीस वेळेवर मिळते, त्यावर भागते. तुमच्या घरी सायकल असेल, शिलाईची मशीन असेल, विहिरीवरचा जुना पंप असेल. त्यांना वरून चमकवून सोडून देऊ नका. खाली वाका. हात लावा. घडवणाऱ्याने त्यांच्या अंगावर काय खूण ठेवली आहे ती आधी बघा, आणि ती उघडी ठेवा. आणि कधी काही बिघडले, तुम्ही दुसऱ्याचे नाव घेतले, आणि चूक तुमच्याच मायेची निघाली, तर त्या माणसाच्या दारी जा. जितक्या लोकांसमोर बोलला होता, तितक्या लोकांसमोर जा. ते ओझे जड असते. मी त्या दिवशी खांद्यावर होतो, मला माहीत आहे किती जड असते.