बावीस सेंटिमीटर

टेपचं पितळी टोक एका विमानतळावर अंगठ्याने दाबून धरलेलं, आणि दुसऱ्या विमानतळावर… बावीस. पुन्हा बावीसच. सकाळपासून ती चौथ्यांदा पृथ्वीगोलावर टेप धरत होती. गोलाची कंबर शंभर सेंटिमीटर, खऱ्या पृथ्वीची चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला चारशे. बावीसाचे आठ हजार आठशे, आणि विमान ताशी आठशे ऐंशीने येतं असं धरलं तर दहा तास. काल आधी तिने भिंतीवरच्या नकाशावर मोजलं होतं, तर दोन तास जास्तच निघत होते — तेव्हा दादा फोनवर हसला होता. "अगं, शिंपीण ना तू? पाठीचं माप सपाट कागदावर घेतेस का?"

इथल्या घड्याळात सकाळी सातला त्याचं विमान सुटलं. आता बारा. मशीनवर कुणाचातरी कोट एकाच बाहीनिशी पडून होता, आणि आतल्या खोलीत बाबा.

"कुठवर आला?"

"अर्ध्यावर, बाबा."

तेवढ्यावर बाबांनी दोन चमचे सूप घेतलं. चार दिवसांत पहिल्यांदा. परवा दाराशी चपला घालताना डॉक्टर म्हणाले होते, "मुलाची वाट बघतायत. अशी माणसं थांबतात हो. एकदा डोळे भरून बघितलं की मग…" पुढचं ते बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही, कारण तेव्हा तिच्या मनात एकच धास्ती होती: दादा वेळेवर पोचतो की नाही. सहा वर्षं आला नव्हता शहाणा. घोडं नेमकं आताच अडायचं, ढग, वादळ, काहीही…

तीन वाजता तिने पुन्हा टेप धरली. साडेचार सेंटिमीटरसुद्धा उरले नव्हते — शर्टाच्या कॉलरएवढं अंतर. आणि मग तिच्या लक्षात आलं. विमान कुठेही अडलं नव्हतं, वेळेवर येत होतं, आणि ते उतरलं, दादा त्या दारातून आत आला, की बाबांना थांबायला काही कारणच उरणार नव्हतं. म्हणजे मी सकाळपासून मोजतेय काय? कुणाचे तास मोजतेय मी?

"आता?" आतून आवाज आला.

ती खाटेपाशी जाऊन बसली. "अजून अर्ध्यावरच आहे, बाबा. समोरून वारा आहे म्हणे… बराच उशीर होईल."

खोटं इतकं सहज निघालं की तिची तीच दचकली. सख्ख्या भावाने येऊ नये असं वाटणारी ही कोण बाई? बाबा आता कासावीस होतील, म्हणतील, फोन कर, विचार…

बाबांनी तिचा हात धरला. घट्ट धरला, त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "होऊ दे उशीर… मलाही घाई नाही गं."

हात मात्र त्यांनी सोडला नाही. बाबा तयार आहेत, बाबांना कसली भीती नाही — एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर ती इतके दिवस उभी होती. सगळी भीती आपल्या एकटीचीच आहे असं समजून तिने ती निमूटपणे सांभाळली होती. आता त्या खोलीत न घाबरलेलं असं कुणीच उरलं नव्हतं.