झाकणावरची ताकीद

सेप्टिक टँक तुंबू नये म्हणून आप्पांनी अख्ख्या घराला सळो की पळो करून सोडलं होतं. तेलकट कढई कागदानं पुसल्याशिवाय सुनेला ती सिंकमध्ये घासता येत नसे. ओले टिश्यू कमोडमध्ये टाकल्याबद्दल लेकाची तर त्यांनी पाहुण्यांसमोर खरडपट्टी काढली होती.

शेवटी त्यांनी प्लास्टिकच्या पट्टीवर जाड अक्षरांत ताकीद लिहिली, 'यात प्लास्टिक टाकू नये'. 'आम्ही पाहिलीच नाही' म्हणायची सोय उरू नये म्हणून ती कमोडच्या झाकणाला आतून चिकटवली. झाकण लावूनच फ्लश करायचं, हा दंडकही त्यांचाच.

पट्टी दर आठवड्याला गायब व्हायची. "माझ्यावरचा राग पट्टीवर काढतात!" असं पुटपुटत आप्पा नवी चिकटवायचे.

एका रविवारी बाथरूममध्ये घाण पाणी उलटं वर आलं. आप्पांना मनातून उकळ्याच फुटल्या. आता चोर सापडणार! त्यांनी लेकाला आणि सुनेला मुद्दाम टाकीपाशी उभं केलं.

टाकी उपसणाऱ्यानं पाइपात आकडा घालून एक बोळा ओढला, धुतला आणि मोठ्यानं वाचला, "यात प्लास्टिक टाकू नये." पुढचे बोळेही तेच सांगत होते.

"आप्पा," लेक म्हणाला, "झाकण लावून फ्लश केल्यावर आत काय गळून पडतंय, ते दिसणार कुणाला?"

सुनेला हसू आवरेना. आप्पांनी घसा खाकरला.

"बघितलंत? प्लास्टिक टाकलं की असंच होतं! मी कधीपासून बोंबलतोय!"