वी म्हणजे आम्ही

मार्च लागता लागता नागपूरच्या मनीषनगरातल्या केयूरच्या घरात एक इंग्रजी शब्द शिरला आणि ठाण मांडून बसला. शब्द एवढासा, उच्चारायला लागलं की संपणारा. असला चिमूटभर शब्द एखाद्या शहाण्यासुरत्या बाईची झोप उडवतो, हे सांगूनही कोणाला पटायचं नाही. पण यमुताईंची उडवली खरी.

झालं असं, की यमुताई दुपारी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मोबाइल वाजला. 'घरचे' नावाच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाचा, केयूरचा, ऑफिसातून मेसेज आला होता. पुण्याच्या बदलीसाठी तो वर्षभर खटपट करत होता, ती झाली होती. खाली लिहिलं होतं, "वी आर मूव्हिंग टु पुणे इन एप्रिल." पुढे एक छोटा ट्रक.

यमुताईंनी लगेच जोडलेले हात पाठवले. मग शेंग सोलता सोलता त्यांचा हात थांबला. वी आर मूव्हिंग. म्हणजे कोण कोण?

त्या काही अडाणी नव्हत्या. उभा जन्म कचेरीत कारकुनी केलेली बाई, इंग्रजी कागद वाचून हातावेगळे केलेले. पण कचेरीतल्या इंग्रजीत 'वी' कधी घरचा नसायचा. त्यांनी थेट पाचवीत उडी मारली. तिथे बाई छडी फिरवत घोकून घ्यायच्या: आय म्हणजे मी, वी म्हणजे आम्ही, यू म्हणजे तू, तुम्ही. वी म्हणजे आम्ही. हिशेब सरळ होता. केयूर, सून वैदेही आणि नात भैरवी, हे आम्ही. आणि आपण मागे राहायचं, यजमानांच्या फोटोला हार घालत. पण बाईंनी 'वी म्हणजे आपण' असं का शिकवलं नाही, हा प्रश्न यमुताईंना एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा पडला.

आता कोणी म्हणेल, मुलगा संध्याकाळी घरी येतो, समोर जेवायला बसतो, सरळ विचारायचं. म्हणायला काय जातं? "मला नेणार का रे?" असं विचारणं म्हणजे पोटच्या पोरापुढे पदर पसरणं. आणि त्याने जर क्षणभर विचार केला असता, तर तो क्षण यमुताईंना जन्मभर पुरला असता. खरं सांगायचं तर पुण्याला जायचं की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. इथे भजनी मंडळ होतं, यजमान याच घरात गेले होते, रस्ते ओळखीचे होते. जाणं न जाणं पुढची गोष्ट. आपल्याला धरलंय की नाही, तेवढं कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

म्हणून त्यांनी दादाला फोन लावला. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ कृष्णकांत, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा विहंग कॅनडात, स्वतः लक्ष्मीनगरात एकटे; 'घरचे' ग्रुपवर मात्र दोघंही. दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचं, जेवताना सगळ्यांच्या बोलण्यातल्या चुका काढायच्या, आणि ताकाचा दुसरा पेला घेऊन घरी जायचं, असा त्यांचा नेम.

"दादा, वी म्हणजे काय रे?"

"वी?" दादांच्या आवाजाला पालवीच फुटली. "फार जुना शब्द आहे, यमू. हजार वर्षांपूर्वीही होता, आजही आहे. यू बदलला, दे, म्हणजे 'ते', हा तर त्यांनी बोटीतून आलेल्या परक्यांकडून उचलला. वी मात्र जागचा हलला नाही."

"ते असू दे. त्यात माणसं किती येतात?"

"पूर्वी दोघांपुरता वेगळा शब्द होता त्यांच्याकडे. विट."

"वीट?"

"वीट नाही गं, विट. ऱ्हस्व. पण तो मेला."

"मला आलाय तो वीट," यमुताई म्हणाल्या. "आताचं सांग."

"आता काय, कितीही येतात. राणी एकटी असली तरी वी म्हणायची. पेपरचा संपादक एकटाच बसून वी लिहितो. आणि डॉक्टर पेशंटला विचारतो ना, हाऊ आर वी टुडे, तिथे वी म्हणजे चक्क तू."

यमुताईंचं डोकं गरगरायला लागलं. मी, तू, आम्ही, सगळं एकाच शब्दात कोंबलेलं. "आणि आपण?"

"आपण त्यांच्याकडे नाहीच. आपल्याकडे आहे, गुजरातीत आहे, तेलुगूत आहे. समोरच्याला धरलं तर आपण, वगळलं तर आम्ही. इंग्रजाला ती सोय नाही."

"मग त्यांना कळतं कसं, कोणाला धरलं नि कोणाला सोडलं?"

"संदर्भावरून, यमू. संदर्भावरून." दादा खूश होऊन म्हणाले. "बाकी पुण्याची हवा तुला मानवेल बघ."

यमुताईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच फोन ठेवता ठेवता दादांनी विचारलं, "पण रात्रीची एकटी राहायला भीती नाही ना वाटणार?"

म्हणजे मास्तरांनाही पत्ता नव्हता. आगीतून निघून फुफाट्यात पडावं तशी गत झाली.

मग यमुताईंनी संदर्भ शोधायला घेतला. घरात कोणी तोंड उघडलं की त्या कान टवकारायच्या. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मराठी माणूसही काही कमी लबाड नाही. वैदेही म्हणाली, "तिकडे गेल्यावर पोळ्यांना बाई लावू." लावू. कोण लावू? केयूर म्हणाला, "शाळेजवळच घर बघायचं." बघायचं. कोणी, कोणासाठी? सगळी वाक्यं आपली बिनमुंडक्याची फिरत होती. क्रियापद आहे, कर्ता फरार. त्यांनी एकदा मुद्दाम खडा टाकून पाहिला. "तिकडे पाणी कसं आहे म्हणे?" वैदेही म्हणाली, "चांगलं आहे, आई. केस गळत नाहीत." कोणाचे, ते नाहीच.

शेवटी देव पावला तो भैरवीच्या रूपाने. रात्री आजीच्या कुशीत शिरून ती म्हणाली, "आजी, आपण पुण्याला चाललो ना, मग आपल्याला तिथे मांजर पाळता येईल?"

आपण. स्वच्छ, शुद्ध, डोळ्यांत तेल घालून ज्याची वाट पाहिली तो आपण. यमुताईंनी नातीचा पापा घेतला आणि मांजरच काय, वाघ पाळू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून आपली जुनी बॅग काढवली, पुसून उन्हात ठेवली, आणि मंडळातल्या बायकांना जाता जाता सांगूनही टाकलं, की आता माझा काही भरवसा धरू नका.

हा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जयवंताबाई वर आल्या. त्या मूळ सावनेरकडच्या, मुलाकडे राहायच्या, आणि त्यांची नात काजल म्हणजे भैरवीची जिवाभावाची मैत्रीण. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"यमुताई, हे काय होय वं बाई? आमची काजल सकाळपासून बॅग भरून राहिली. मी म्हटलं, कुठं चालली वं? तं म्हणते, भैरवीनं सांगतलं, आपण पुण्याले चाललो. तिच्या मायले विचारलं, तं तिले काईच माईत नाही. मले तं काही समजूनच नाही राहिलं."

यमुताई खुर्चीवर बसल्या. भैरवीला हाक मारली. "तू काजलला काय सांगितलंस?"

"आपण पुण्याला चाललो," भैरवी म्हणाली.

"अगं, काजल कुठे येतेय? आम्ही चाललो, असं म्हणायचं."

"काहून? वी म्हणजे आपणच ना?"

जयवंताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "इंग्लिश शाळा वं बाई. आमची बी तशीच बोलते. वॉचमनले म्हणते, आपला हॅपी बर्थडे आहे."

यमुताई हसल्या नाहीत. पोरीच्या लेखी काजलही आपण, वॉचमनही आपण, आणि आजीही त्यातलीच. ज्या शब्दावर त्यांनी बॅग उन्हात ठेवली होती, तो शब्द पोरीने सगळ्या मनीषनगराला वाटला होता. त्या गॅलरीत गेल्या आणि बॅग आत आणून पलंगाखाली सारली. फार लागलं त्यांना ते.

त्यावर कडी म्हणून रविवारी सकाळी केयूर एका माणसाला घेऊन आला. "आईच्या खोलीतला कूलर आधी करा. वाळा नवीन टाका, पंपही बघून घ्या. मे महिन्यात त्रास नको." बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कूलरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

नागपुरात राहणाऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. एप्रिलमध्ये घर सोडायचं असेल तर मे महिन्याचा वाळा कोणी भरत नाही. मिळाला संदर्भ. दादा म्हणाले होते तसाच, अगदी स्वच्छ. त्या दिवशी दादा जेवायला आले, त्यांनी 'चहा घेणार का'मधल्या कर्त्यावर व्याख्यान दिलं, आणि यमुताईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं.

मंगळवारी संध्याकाळी मात्र त्यांचा संयम सुटला. कूलर चालू करून बघितला होता, खोलीभर ओल्या वाळ्याचा वास सुटला होता, आणि केयूर दारात उभा राहून विचारत होता, "वारा पुरतो ना, आई?"

"बस इथे," यमुताई म्हणाल्या. "वैदेही, तूही ये."

दोघं पलंगाच्या कडेला बसली.

"तो मेसेज तू ग्रुपवर टाकला होतास ना, पुण्याचा? तो मला मराठीत लिहून दाखव."

"आता?"

"आत्ता."

केयूरने मोबाइल काढला. अंगठा उचलला. आणि तो अंगठा तसाच वर राहिला. कूलर घरघरत होता. वैदेही नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होती, आई मुलाच्या तोंडाकडे. वाक्य पाच-सहा शब्दांचं, आणि इंजिनिअर झालेला पोरगा पहिल्याच शब्दाला अडला होता.

"काय झालं? मराठी विसरलास?"

"नाही," केयूर हळूच म्हणाला. "त्या दिवशीही मराठीतच लिहायला घेतलं होतं. इथेच अडलो. आम्ही लिहिलं असतं, तर तुला टाकून चाललो असं झालं असतं. आपण लिहिलं असतं, तर तुला न विचारता उचलून न्यायचं ठरवल्यासारखं. म्हणून मग इंग्रजीत टाकून दिलं."

"मग विचारायचं ना मला."

"कसं विचारू? बाबा गेले तेव्हा तूच म्हणालीस, मला आता या घरातून हलवू नका. माझ्या हाताला धरून म्हणालीस."

यमुताईंना काहीच आठवेना. त्या दिवसातलं त्यांना काहीच आठवत नसे. म्हटलं असेल. त्या दिवशी बाई काहीही म्हणते. आणि पोराने ते वाक्य जपून ठेवलं होतं, शब्द न शब्द.

"आम्ही रोज वाट बघत होतो, आई," वैदेही म्हणाली. "तुम्ही बॅग काढली तेव्हा मी यांना फोन करून सांगितलं. मग तुम्ही ती परत आत टाकलीत. काय समजायचं माणसाने?"

"आणि हा कूलर?"

"राहिलीस तर तुझे हाल नकोत," केयूर म्हणाला. "आलीस तर राहील असाच."

यमुताईंना हसावं की रडावं कळेना. एका घरात तीन शहाणी माणसं, रोज एका टेबलावर जेवणारी, आणि तिघंही संदर्भावरून एकमेकांचा अर्थ लावत बसलेली. त्यांना पोराचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग एवढं मोकळं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"आण तो मोबाइल इकडे," त्या म्हणाल्या. चष्मा सारखा केला, आणि एक एक अक्षर शोधत पहिला शब्द त्यांनी स्वतः लिहिला. आपण. मग मोबाइल मुलाच्या हातात दिला. "पुढचं तू लिही."

केयूरने लिहिलं, "आपण एप्रिलमध्ये पुण्याला चाललो आहोत." आणि ग्रुपवर टाकून दिलं. वैदेही डोळे पुसत चहा टाकायला उठली. कॅनडातून विहंगचा अंगठा आला, झोपेतच पाठवला असावा.

मग ग्रुपवर दादा काहीतरी लिहीत असल्याचं दिसायला लागलं. लिहीत होते, थांबत होते, परत लिहीत होते. चहा येईपर्यंत तसंच चाललं होतं. शेवटी आलं ते एवढंच.

"यमू, 'आपण' म्हणजे मला धरून की सोडून?"

केयूर खदाखदा हसला. "मामांनी बरोबर व्याकरणात पकडलं." यमुताईही हसल्या. संदर्भावरून बघ म्हणावं, असं लिहावं म्हणून त्यांनी स्वतःचा मोबाइल घेतला, 'सं' लिहिला, आणि त्यांचा अंगठा थांबला. रविवारचं ताट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ताकाचा दुसरा पेला आला. लक्ष्मीनगरातल्या त्या घरात आत्ता एक म्हातारा माणूस हातात मोबाइल धरून उत्तराची वाट बघत बसला असेल, आणि ती वाट कशी असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं.

त्यांनी 'सं' पुसून टाकला आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"दादा, जेवायला ये."

"आज मंगळवार आहे, यमू."

"असू दे मंगळवार. ये तू," यमुताई म्हणाल्या. "आपण बोलू."