ठेवणीतला पंप

मित्रांनो, मी एक जुना इनहेलर आहे. घरोघरी मला पंप म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. जुनं घड्याळ किंवा जुनं पातेलं आपल्या वयाचा मोठेपणा सांगू शकतं. मला ती सोय नाही. माझ्यासारख्यानं महिन्याभरात रिकामं व्हायचं असतं. सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन; तीस दिवसांत एकशेवीस झाले की माझं काम संपलं. मी मात्र दिवाळीपासून महाशिवरात्र उलटून जाईपर्यंत टिकलो. ते जादाचे दिवस मी एका बाईच्या छातीतून उसने घेतले होते, म्हणून ते मी मिरवत नाही.

एका स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात औषधाची छोटी ॲल्युमिनियमची बाटली, वर जांभळा प्लॅस्टिकचा अंगरखा आणि पाठीवर एक इवलीशी खिडकी. तिच्यात १२० हा आकडा. एक फवारा दिला की तो एकानं कमी होतो. मला खोटं बोलता येत नाही ते या खिडकीमुळेच.

डोंबिवली पश्चिमेच्या एका औषधाच्या दुकानातून मला संचितानं विकत घेतलं. संचिता वर्तकनगरची, बी.एस्सी. झालेली, तीन वर्षांच्या अद्वयची आई. औषधाच्या खोक्यातला पातळ कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "सासूबाईंसाठी हवाय," ती दुकानदाराला म्हणाली, "याची सवय तर नाही ना लागत?"

"चष्म्याची लागते तेवढीच," दुकानदार म्हणाला.

तिच्या सासूबाई म्हणजे कोपरच्या बायजाबाई. वय बासष्ट. बिडीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण तीस वर्षं चुलीपुढे बसून ओल्या लाकडांवर तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. घरात माणसं सोळा, भाकऱ्या किती ते तुम्हीच ठरवा. पुढे शेताच्या जागी इमारत झाली, तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, गॅस आला. धूर गेला, पण त्यानं छातीत केलेलं घर गेलं नाही. मागाहून साखर आली, बीपी आलं. तिन्ही दुखणी एकमेकांना धरूनच राहिली.

बायजाबाई धवलारीण होत्या. तुमच्यापैकी काहींना हा शब्द नवा असेल. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना जी बाई धवले गाते ती धवलारीण. तिच्या गाण्यावाचून मांडव मुका वाटतो. कोपरपासून मोहन्यापर्यंत बायजाबाईंना बोलावणी यायची. आणि वैशाखात त्यांच्या भावाच्या मुलीचं, करिश्माचं लग्न होतं. आई नसलेली पोर. तिला बायजाबाईंनी कडेवर वाढवलं होतं. "तिचे लग्नान मीच गानार," त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागत होतं, तरीही.

पहिले आठ दिवस माझे फार सुखाचे गेले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बायजाबाई रोज फवारे घ्यायच्या. मग लगेच गोड चहा घ्यायच्या. पंप झाल्यावर खळखळून चूळ भरायची, हे डॉक्टर सांगत होत्या तेव्हा बायजाबाईंचं लक्ष पिशवीत चष्मा शोधण्यात होतं. नवव्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा झाला. जिभेवर पांढरे ठिपके आले. शेजारच्या हळदीत वरचा सूर लावायला गेल्या आणि आवाज चिरकला. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या.

घरी येऊन त्यांनी मला टेबलावर आपटलं. "ह्या मेल्यानं माझा गला खाल्ला!"

त्या दिवसापासून मी बंद.

चार-पाच दिवसांनी अद्वयला मी सोफ्यावर सापडलो. त्यानं आपल्या कापडी अस्वलाच्या नाकाला मला लावून फस् केलं. संचिता स्वयंपाकघरातून धावत आली. तिचा चेहरा पाहून मीसुद्धा घाबरलो. तिनं पोराचे हात धुतले, तोंड धुतलं, डोळे तपासले आणि मला कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं. "आई, पंप वर आहे हं," ती म्हणाली. बायजाबाई "बरं" म्हणाल्या. त्यांचा हात तिथं पोचत नाही, हे संचिताच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. कशाला सांगतील? त्यांना मी नकोच होतो.

पण धवलारणीला श्वास तर लागतोच. पौषानंतर लग्नं पुन्हा सुरू झाली. एका लग्नाच्या सकाळी बायजाबाईंनी शेजारच्या पोराकडून मला खाली काढून घेतलं, एकापाठोपाठ एक चार फवारे ओढले आणि गायला गेल्या. दम थोडा पुरला. मग काय! त्यांनी मला आपल्या पेटीत नेऊन ठेवलं, जरीचं लुगडं, नथ आणि अत्तराच्या बाटलीशेजारी. रोज वापरलं की चांगली वस्तू खराब होते, हा त्यांचा जन्माचा अनुभव. लुगडं रोज नेसलं की विरतं, नथ रोज घातली की झिजते. तसाच त्यांना मी वाटलो. लग्न असलं की मी बाहेर येणार, लग्न झालं की परत घडीखाली.

मित्रांनो, नथीशेजारी राहायला मिळालं म्हणून मी सुखावलो असेन असं तुम्हाला वाटेल. मी तिथं अंधारात पडून रोज सकाळी त्यांचा खोकला ऐकत होतो. माझ्या पोटात औषध होतं, दहा पावलांवर ती छाती होती, आणि मध्ये एक कुलूप.

महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी आमच्याच इमारतीत, करिश्माच्या घरी बायका गाण्यांच्या तयारीला जमल्या. भर दुपारी. तिथं काय झालं ते मी नंतर संचिताकडून ऐकलं. बायजाबाईंनी पहिलं कडवं उचललं आणि दुसऱ्याच ओळीला त्या थांबल्या. दाराची चौकट धरली. ओठ निळसर पडले. करिश्मा "आत्या, आत्या" करत पाठ चोळायला लागली.

संचिता आणि तिचा नवरा नयन यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. निघताना बायजाबाई किल्ली पुढे करून कशाबशा "पेटी... पंप" म्हणाल्या, म्हणून तर मी त्यांच्याबरोबर गेलो. पेटी उघडल्यावर लुगड्याखाली मी दिसलो तेव्हा संचितानं आधी माझी खिडकी पाहिली होती.

मला लिहून देणाऱ्या डॉक्टर विनितांनी वाफ दिली, रक्त तपासलं. साखर तीनशे बारा. श्वास जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "बायजाबाई, पंप चालू आहे ना?"

"हाय की. रोज."

संचितानं मला टेबलावर ठेवलं, खिडकी डॉक्टरांकडे करून. त्या खिडकीत ७१ होतं.

"दिवाळीत दिलाय हा," संचिता म्हणाली. "एव्हाना असे तीन संपून चौथा हवा होता."

बायजाबाई सुनेवर उखडल्या. "माझी चोरी पकरते काय गो? पोलिसान जा तू!"

मला वाटलं, आता डॉक्टर ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "का नाही घेतलात? मी रागावणार नाही. खरंच सांगा, का?"

उत्तरासाठी डॉक्टर तशाच बसून राहिल्या. मग बायजाबाईंचे डोळे भरले. "गला गेला माझा, डाक्टरीन बाय. गल्यावाचून मना कोन इचारतंय? करिश्माचे मांडवान मी मुकी बसू?"

डॉक्टरांनी बॅटरीनं त्यांचं तोंड पाहिलं. "गळा पंपानं नाही गेला. औषध घशात राहिलं, वरून साखर वाढलेली, म्हणून ही बुरशी आली. चूळ भरली असती तर आली नसती. बरी होईल. पण मला सांगा, हे धवले तुम्ही लग्नाच्या दिवशी पाठ केलेत का?"

"छ्या! लग्नाचे दिवशी कवा पाठ होतंय? लहानपनी मिठागरान जाताना-येताना, रोज आयेच्या पाठी म्हनायचो."

"मग हा जांभळा पंप तसाच आहे. रोज घेतला तर मांडवात कामाला येतो. फक्त मांडवाच्या दिवशी घेतला तर हसं होतं." आणि मग त्यांनी तेही सांगितलं, जे सांगायला कुणालाच आवडत नाही. "छातीचा जो भाग गेला तो परत येणार नाही. उरलाय तो राखायचा. पूर्वीसारखी रात्रभर गाणी मी तुम्हाला कबूल करत नाही."

बायजाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "रातभर नको. मांडवापुरता दे."

परतताना रिक्षात संचिता हळूच म्हणाली, "आई, माझंही चुकलं. अद्वयच्या भीतीनं मी तो वर ठेवला. तुमचा हात पोचतो का, हे मी पाहिलंच नाही."

"पोचला असता तरी मी घेतला नसता," सासूबाई म्हणाल्या. घरी पोचल्यावर नयननं न्हाणीघरातल्या बेसिनच्या वर एक जाळीची टोपली ठोकली. बायजाबाईंच्या खांद्याला येईल इतकी खाली, अद्वयच्या उड्या पोचणार नाहीत इतकी वर. शेजारी बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. खाली चूळ भरायचा पेला. मला एक पारदर्शक नळकांडंही जोडीला मिळालं, म्हणजे औषध घशाला न चिकटता छातीत उतरावं.

मग सुरू झाले माझे खरे कामाचे दिवस! हलवा, लावा, दाबा, सावकाश ओढा, दहा आकडे श्वास धरा. चूळ. पुन्हा चूळ. संचिता दारात उभी राहून ऐकायची. तिला चूळ नीट खळखळलेली ऐकू आली नाही तर ती "आई!" म्हणायची आणि आतून उत्तर यायचं, "भरली गो माझे मास्तरनी!"

सरळ मात्र काहीच गेलं नाही. बाराव्या दिवशी खोकला कमी झाला आणि बायजाबाईंनी हात आखडला. "आता बरंय मना. कनाला फुकट औषध?"

"बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडाल का?" संचितानं विचारलं.

"ती परवाच सोरली."

संचितानं कपाळावर हात मारला, आणि मग दोघी हसत सुटल्या. हसताना बायजाबाईंना ढास लागली. ती थांबल्यावर त्या स्वतःच उठल्या, टोपलीकडे आल्या आणि मला हातात घेतलं. गोळीही घेतली. त्यानंतर त्यांना कुणी आठवण करून द्यायची वेळ आली नाही.

माझ्या खिडकीत शून्य आलं तेव्हा मार्च चालू होता. मला वाईट वाटलं नाही. ज्या कामासाठी मला घडवलं ते शेवटच्या फवाऱ्यापर्यंत झालं होतं. डॉक्टरांनी रिकामे पंप दाखवायला आणायला सांगितले होते, म्हणून संचितानं मला टोपलीतच कडेला ठेवलं. माझ्या जागी नवा भाऊ आला. तो संपला, तिसरा आला.

करिश्माचा मांडव इमारतीखालच्या मैदानातच पडला. मी लग्न पाहिलं नाही. न्हाणीघराच्या खिडकीतून ऐकलं. आधी ढोल थांबला. मग तो आवाज आला. पूर्वीपेक्षा खालचा, थोडा खरखरीत. चार ओळी म्हणून बायजाबाई थांबायच्या, तोवर बाकीच्या बाया ओळ उचलून धरायच्या, आणि पुन्हा त्यांचाच आवाज पुढे व्हायचा. मांडवाची गाणी त्यांनी शेवटपर्यंत म्हटली. रात्रीची गाणी दुसऱ्या बाईनं म्हटली, आणि बायजाबाई खुर्चीत बसून तिच्या चुका काढत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाला धाप लागत असेल. कुणाच्या उशाखाली, पेटीत, देवघरामागे माझा एखादा भाऊ पडून असेल. आज त्याची खिडकी बघा. तारीख आठवून हिशेब जुळतो का ते पाहा. नाही जुळला तर ओरडू नका. त्या माणसापाशी बसा आणि विचारा, "का नाही घेतलंस?" आणि मग उत्तर येईपर्यंत उठू नका.