पावडर खातं

मेंदूचं शिकून पुढं काय होता येतं, असं कॉलेजातल्या पोरी मला विचारतात. मी सांगते, इस्पितळात मेंदूचा आलेख काढायच्या मशीनवर काम मिळतं, औषधांच्या कंपनीत मिळतं, संशोधन करता येतं, नाहीतर माझ्यासारखं फळ्यापुढं उभं राहता येतं. पोरी वहीत लिहून घेतात. माझं स्वतःचं पहिलं काम मी एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी केलं, पिंपरीच्या आमच्या घरात, कुणी नीट शिकवलेलं नसताना. ते काय होतं हे मी त्यांना सांगत नाही.

सत्त्याहत्तर साल. अब्बांचं, म्हणजे नूरमोहम्मद मेकॅनिकचं, पिंपरीत गॅरेज होतं. आमच्या अख्ख्या खानदानात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळं माझा तोरा विचारू नका. कुणाचं डोकं दुखलं, नजमाला विचारा. कुणाला झोप लागेना, नजमाला विचारा. आणि मीही एकदासुद्धा 'मला माहीत नाही' म्हटलं नाही. दीडशहाणी होते मी, दुसरं काय!

अजीजचाचा अब्बांचे धाकटे भाऊ. टॉर्चचे सेल बनवणाऱ्या कारखान्यात, सेलातली काळी भुकटी दाबायच्या प्रेसवर होते. त्या वर्षी त्यांचं काहीतरी बिनसलं. चालताना ठेचकाळायचे, तोंडातल्या तोंडात बोलायचे, मध्येच कारण नसताना हसायचे. अजीज प्यायला लागला, अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडं दारूचं नावसुद्धा निघायचं नाही, तिथं ही गत. शहाजादीचाची रडून रडून अर्धी झाली.

एका रविवारी कारखान्याचे फोरमन सोपानराव घरी आले. भला माणूस, अब्बांकडं स्कूटर दुरुस्तीला आणायचे. चाचांचा हात दोनदा प्रेसखाली जाता जाता राहिला, आता वरून विचारणा होतेय, असं त्यांनी सांगितलं. नूरभाई, तुम्ही थोरले, तो पीत नाही एवढं छातीवर हात ठेवून सांगा, मी त्याला तिथनं हलू देणार नाही, म्हणाले. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं.

आम्हांला त्याच आठवड्यात लहान मेंदू शिकवून झाला होता. माणूस तोल कसा सांभाळतो, तो गेला की कसं तपासायचं, सगळं ताजं ताजं. मी चाचांना खोलीच्या मधोमध उभं केलं. टाचा जुळवा, डोळे मिटा. चाचा डोलले. फरशीच्या रेघेवर पावलापुढं पाऊल टाका. टाकलं, पण वेडंवाकडं. मग मी म्हटलं, आता उलटं या, तर ते मागच्या मागं लोखंडी पेटीवर पडले. मी सगळ्यांदेखत, अगदी आमच्या सरांच्या थाटात, निकाल देऊन टाकला की दारूनं आधी लहान मेंदू जातो आणि यांचा गेलाय.

चाचा पेटीला धरून उठले. कुराणाची शपथ घेऊन सांगतो, थेंबभरसुद्धा घेतली नाही, म्हणाले.

"चाचा, शपथ घेतल्यानं लहान मेंदू बदलत नाही," मी म्हटलं.

निदान नोकरी तरी राहावी म्हणून सोपानरावांनी चाचांना प्रेसवरून काढून पावडर खात्यात टाकलं. सेलात भरायची काळी भुकटी तिथं दळायची आणि चाळायची. बोटं तुटायची भीती नाही. चाची दोन्ही पोरांना घेऊन चाकणला भावाकडं निघून गेली. चाचा संध्याकाळी काळेठिक्कर होऊन एकटेच परतायचे आणि मी समोर आले की मान खाली घालायचे. लाज वाटते आहे तर बरंच आहे, असं मला वाटायचं. खरंच, असंच वाटायचं.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, सरांनी मँगनीज शिकवलं. त्याची धूळ महिनोन्महिने नाकातोंडात गेली की मेंदूच्या आत खोलवर जाऊन बसते. माणूस अडखळतो, उगाच हसतो, पुढं पुढं चेहरा थिजतो, आणि उलटं चालायला सांगितलं की मागं पडतो. बघणाऱ्याला वाटतं हा प्यायलाय. टॉर्चच्या सेलातली काळी भुकटी म्हणजे हेच, सर म्हणाले. औषध फारसं लागू पडत नाही. माणसाला लवकर धुळीतून बाहेर काढायचं, एवढाच उपाय. मी सगळं उतरवून घेतलं. अक्षरही चांगलं आलं होतं.

त्याच दिवशी घरी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फेब्रुवारीत संशोधनाच्या शिष्यवृत्तीची मुलाखत होती. अब्बांना कळलं तर ते तडक कारखान्यात जाणार, बोभाटा होणार, आणि या मुलीनं आपल्या चाचांचं काय करून ठेवलं ते सरांच्या कानावर जाणार. पण हेही निमित्तच. अब्बांसमोर उभं राहून 'मी चुकले' म्हणायला माझी जीभ रेटेना. मुलाखत होऊ दे, मग सांगते, असं मी रोज ठरवायचे. सकाळी मी लोकल पकडायला निघायचे तेव्हा हातात डबा घेऊन शिफ्टला चाललेले चाचा मला दिसायचे. त्यांची पावलं आखूड आखूड होत चालली होती. चार महिने मी ती पावलं बघितली आणि स्टेशनला गेले.

शिष्यवृत्ती मिळाली. पत्र आल्यावरच्या रविवारी मी अब्बांना आणि सोपानरावांना समोर बसवलं आणि माझा निकाल कसा चुकीचा होता ते सांगितलं. सोपानरावांनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चाचांना पावडर खात्यातून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि स्वतः पुण्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं बहुतेक इथंच थांबेल, पण गेलं ते परत येणार नाही; चार-सहा महिने आधी आणलं असतं तर हात एवढे आखडले नसते. अब्बा चाकणला गेले आणि चाचीची माफी मागून तिला पोरांसकट घेऊन आले.

चाचीनं मला जेवायला बोलावलं. चाचांच्या बोटांनी भाकरी तुटेना, म्हणून ती तुकडे करून त्यांच्या ताटात ठेवत होती. चाचांचा आवाज एव्हाना इतका बारीक झाला होता, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"नजमा, तुला हे कळलं कधी?"

अब्बा माझ्याकडं बघत होते. चाचीही बघत होती.

"गेल्या आठवड्यात," मी म्हटलं.

चाचांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो आता हलणारही नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला पक्कं माहीत होतं.

"बरं झालं बेटी," ते म्हणाले. "कळल्याबरोबर आलीस."

चाचीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.